कोळ्ळिडमच्या काठची कित्तेरी

इबेरियाच्या वायव्य कोपऱ्यात रोमन साम्राज्याचा अंमल असताना, जन्मदात्याचीच इच्छा नाकारल्यामुळे जिचे मस्तक धडावेगळे झाले असे परंपरा सांगते, त्या कित्तेरिया नावाच्या ख्रिस्ती कुमारिकेचे चरित्र अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, तंजावरच्या मराठी राज्याच्या उत्तर सरहद्दीपलीकडे, तमिळ भाषेत आणि तमिळ स्त्रियांच्या खेळातून जन्मलेल्या अम्मानै या काव्यप्रकारात गुंफले गेले. तंजावर म्हटले की आपल्याला सरस्वती महालातल्या पोथ्या, बृहदीश्वराच्या भिंतीवरचा भोसलेवंशाचा १८०३ सालचा प्रदीर्घ मराठी शिलालेख, रामदासी मठ आणि कावेरीकाठी रुळलेले मराठी कीर्तन यांची आठवण होते, आणि ते स्वाभाविकही आहे; परंतु त्याच मुलखात, त्याच राजांच्या कारकिर्दीत, त्यांच्या रोषाला आणि क्वचित त्यांच्या औदार्यालाही पात्र झालेला एक लहानसा समाज दुसऱ्या एका पुराणाची जोपासना करीत होता, आणि त्या पुराणाची नायिका सिंहासनावर नव्हे तर वधस्थानी आरूढ झालेली होती. तिच्या कथेचा हा प्रवास मराठी वाचकाने पाहावा असे मला मनापासून वाटते, कारण त्या प्रवासाच्या दोन्ही तीरांवर आपलीच माणसे उभी आहेत.

श्रीरंगमच्या वरच्या अंगाला कावेरी दुभंगते. दक्षिणेकडचा प्रवाह कावेरी हेच नाव मिरवीत, कालव्याकालव्यांतून आपले पाणी भाताच्या खाचरांना वाटून देत पूर्वेकडे जातो, तर उत्तरेकडचा विशाल व वालुकामय प्रवाह कोळ्ळिडम या नावाने, पुराचा सारा भार वाहत, समुद्राला मिळतो. कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या मधोमध कुंभकोणम वसलेले आहे. कुंभेश्वर व शार्ङ्गपाणी यांची देवालये, बारा वर्षांनी येणाऱ्या महामहम पर्वाचे विस्तीर्ण तळे, वेदशाळा, मठ आणि अग्रहारे यांनी भरलेले हे नगर नायकांच्या काळापासूनच विद्येचे पीठ होते, आणि मराठी अमदानीत पट्टुकोट्टै, मन्नारगुडी, मायावरम व तिरुवैयारु यांच्यासह जे पाच सुभे तंजावर राज्याचे मुख्य विभाग गणले जात, त्यांत कुंभकोणमचा सुभा होता. येथून उत्तरेस गेले म्हणजे कोळ्ळिडमचे पात्र लागते, आणि ते ओलांडले की सुपीक पाणथळ मुलूख संपून लाल मातीचा, काटेरी झुडपांचा, कोरडवाहू प्रदेश सुरू होतो. अरियलूर आणि उडैयारपाळैयम येथील पाळेगारांचा तो मुलूख. तंजावरची सत्ता नदीपाशी क्षीण होत असे, मदुरेच्या नायकांचा हात तेथवर सहज पोहोचत नसे, आणि म्हणून दोन राज्यांच्या मधल्या या पट्ट्यात, ज्याला कोठेही थारा नाही अशा मनुष्याला चार दिवस निर्वेध राहता येत असे. १ सप्टेंबर १८९९ रोजी पाँडिचेरीच्या महाधर्मप्रांतातून कुंभकोणमचा स्वतंत्र कॅथॉलिक धर्मप्रांत निर्माण करण्यात आला, तेव्हा कुंभकोणमच्या बिशपाच्या अधिकाराखाली जी ख्रिस्ती गावे आली त्यांतील बरीच जुनी गावे नदीच्या याच पलीकडच्या बाजूची होती, आणि त्यांत एलाक्कुरिच्ची हे एक होते. कित्तेरीच्या तमिळ चरित्राचा कर्ता याच गावी दीर्घकाळ राहिला.

या टापूची मराठी इतिहासाशी पहिली मोठी भेट १६७७ सालची. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात कर्नाटकाच्या स्वारीवर आलेल्या शिवाजी महाराजांनी आपले सावत्र बंधू, तंजावरचे अधिपती व्यंकोजी, यांची भेट कोळ्ळिडमच्या उत्तर तीरावरील तिरुमळवाडी येथे घेतली. पित्याच्या जहागिरीच्या वाटणीचा प्रश्न, व्यंकोजींचे रातोरात निघून जाणे, आणि पुढे महाराजांनी त्यांना लिहिलेली पत्रे हा सर्व वृत्तांत आपल्या बखरींनी व इतिहासकारांनी सविस्तर सांगितला आहे. तिरुमळवाडी आणि एलाक्कुरिच्ची यांच्यामध्ये अंतर अवघे काही कोसांचे आहे. या स्वारीची एक समकालीन साक्ष मदुरा मिशनच्या जेझुइट पाद्र्यांनी आपल्या वरिष्ठांना धाडलेल्या वार्षिक पत्रांत सापडते. आंद्रे फ्रेइरे याचे १६७८ चे पत्र शिवाजी महाराजांच्या दक्षिणेतील हालचालींचे साधन म्हणून अभ्यासकांना परिचित आहे. पुढच्या काही वर्षांच्या पत्रांत महापूर, दुर्भिक्ष, फौजांची जाळपोळ आणि व्यंकोजींच्या अमलातील जबर वसूल यांची वर्णने येतात. पिकाचे पाचातले चार हिस्से सरकार घेते, अशी तक्रार त्यांत आहे. ही पत्रे परधर्मीय व परदेशीय लेखणीतून उतरलेली असल्यामुळे ती तोलूनच वाचली पाहिजेत. परंतु रयतेच्या झोपडीत राहणाऱ्या माणसाने त्या झोपडीतून दिसलेले राज्य कसे होते ते लिहून ठेवावे, असे आपल्या इतिहासात फार थोड्या वेळा घडलेले आहे.

त्या झोपड्यांतून हिंडणाऱ्यांमध्ये जुआंव द ब्रितो नावाचा एक तरुण होता. लिस्बन येथे १ मार्च १६४७ रोजी एका सरदार घराण्यात जन्मलेला, बालपणी पोर्तुगालच्या राजपुत्राचा सवंगडी म्हणून राजवाड्यात वाढलेला हा मुलगा बालवयात जिवावरच्या दुखण्यातून उठला, तेव्हा त्याच्या आईने संत फ्रान्सिस झेव्हियरला केलेला नवस फेडण्यासाठी त्याने वर्षभर जेझुइटांचा झगा अंगावर वागवला. पुढे १६६२ मध्ये तो खरोखरच त्या संघात प्रविष्ट झाला, आणि १६७३ मध्ये गोव्याला उतरून पुढच्याच वर्षी मदुरा मिशनमध्ये दाखल झाला. रोबेर्तो द नोबिली याने सतराव्या शतकाच्या आरंभी मदुरेस घालून दिलेल्या रीतीला अनुसरून ब्रितोने काषाय वस्त्र धारण केले, मांस-मद्य वर्ज्य केले, पंडारस्वामी म्हणवल्या जाणाऱ्या तमिळ बैराग्यांचा वेश व आचार पत्करला आणि अरुळानंदर हे तमिळ नाव घेतले. जिंजीपासून तंजावरपर्यंतचा मुलूख त्याने पायी तुडवला. तंजावर राज्यातील तत्तुवांचेरी हे काही काळ त्याचे ठाणे होते.

त्याचा शेवट मात्र दक्षिणेस, रामनाडच्या मरवांच्या राज्यात व्हायचा होता. १६८६ मध्ये तेथे त्याला सेनापती कुमार पिळ्ळै याने पकडले, फटके आणि पाण्यातल्या गटांगळ्या यांनी हैराण केले, आणि देवदयेने म्हणा की राजाच्या लहरीने म्हणा, रघुनाथ किळवन सेतुपतीने त्याला पुन्हा या राज्यात धर्मोपदेश न करण्याच्या अटीवर सोडून दिले. संघाच्या कामासाठी तो युरोपला गेला. लिस्बनच्या दरबारात त्याचा बालमित्र आता राजा होता. तेथे राहण्याचा आग्रह झाला, मान मिळाला. तरीही १६९० मध्ये तो परत आला आणि थेट मरवांच्या मुलखात शिरला. गादीवर हक्क सांगणाऱ्या तडियत्तेवन नावाच्या सरदाराने १६९३ च्या जानेवारीत ख्रिस्ती दीक्षा घेतली आणि नव्या धर्माच्या नियमाप्रमाणे प्रथम पत्नीखेरीज इतर स्त्रियांचा त्याग केला. त्या त्यक्त स्त्रियांत सेतुपतीची पुतणी होती. धर्म, गादीचा वाद आणि घरातल्या मुलीचा अपमान या तिहींचा एकत्र भडका उडाला. ब्रितोला कैद करून पांबार नदीकाठच्या ओरियूर येथे सेतुपतीच्या भावाकडे पाठवण्यात आले, आणि ४ फेब्रुवारी १६९३ रोजी तेथील वाळूत त्याचा शिरच्छेद झाला. रोमने १८५३ मध्ये त्याला धन्य आणि २२ जून १९४७ रोजी संत घोषित केले; परंतु कावेरी-कोळ्ळिडमच्या खोऱ्यातील ख्रिस्ती लोकांनी त्या निर्णयाची वाट पाहिली नव्हती. ज्याला आपण आपल्या ओसरीवर पेज पिताना पाहिले त्याच्या रक्ताने ओरियूरची वाळू लाल झाली, हे त्यांनी ऐकले होते आणि तेवढे त्यांना पुरेसे होते.

त्याच १६९३ साली कुंभकोणमपासून दोन-तीन कोसांवर एक अगदी निराळी घटना घडली. व्यंकोजींचे पुत्र शहाजी राजे यांनी तिरुविशनल्लूर हे गाव शेहेचाळीस विद्वानांना अग्रहार म्हणून दान दिले आणि त्याला शाहजिराजपुरम असे नाव मिळाले. रामभद्र दीक्षित आणि श्रीधर वेंकटेश अय्यावाळ यांच्यासारखे पंडित व भक्त तेथे नांदले. स्वतः शहाजी कवी होता. तेलुगूत पालखी सेवेचे यक्षगान रचणारा, पाच भाषांचा एकत्र विलास घडवणारे नाटक लिहिणारा, त्यांत मराठीलाही आसन देणारा. अशा राजाच्या दानशूरत्वाने आपली छाती भरून येते. आणि त्याच शहाजीच्या कारकिर्दीत, १७०१ मध्ये, तंजावर राज्यातील ख्रिस्ती लोकांवर छळाची मोठी लाट कोसळली. त्यांची प्रार्थनास्थळे उद्ध्वस्त करण्यात आली, उपदेशकांना कैदेत घालण्यात आले, आणि जोसेफ कार्व्हाल्यो नावाचा पाद्री तंजावरच्या बंदिशाळेतच मरण पावला. शेकडो कुटुंबांपुढे धर्म सोडणे किंवा गाव सोडणे एवढेच पर्याय उरले. ज्यांनी गाव सोडले त्यांच्यातील अनेकांना कोळ्ळिडमचे पात्र हीच सीमा होती. ते ओलांडून अरियलूरच्या पाळेगाराच्या मुलखात शिरले की तंजावरच्या हुकुमाचा धाक उरत नसे. एकाच राजाच्या हातून एकीकडे अग्रहार वसले आणि दुसरीकडे वस्त्या ओस पडल्या. या दोहोंपैकी एकाच गोष्टीची नोंद ठेवून दुसरी पुसून टाकणे हे इतिहासलेखनाचे काम नव्हे, आणि राजा आपला असला म्हणजे तर ते मुळीच नव्हे.

या निर्वासितांच्या मुलखात, १७११ नंतर, जो पुरुष आला त्याने तमिळ वाङ्मयात अक्षय स्थान मिळवले. कोस्तान्त्सो ज्युझेप्पे बेस्की हा इटलीतील मांतुआजवळच्या कास्तील्योने या गावचा. जन्म ८ नोव्हेंबर १६८०. तमिळ जन त्याला वीरमामुनिवर म्हणून ओळखतात. त्याने तमिळ पंडितांच्या चरणी बसून ती भाषा आत्मसात केली ती अशी की, १७२६ मध्ये पूर्ण झालेले, छत्तीस सर्गांचे आणि ३,६१५ पद्यांचे त्याचे तेम्बावणि हे संत योसेफावरील महाकाव्य तमिळ काव्यपरंपरेच्या पंक्तीत सन्मानाने बसते. चतुरकराति हा त्याचा १७३२ चा कोश तमिळ कोशरचनेत नवे युग आरंभणारा ठरला. आणि ऱ्हस्व-दीर्घ ए-ओ यांचा भेद दाखवण्यासाठी त्याने तमिळ लिपीत केलेली सुधारणा आजही प्रत्येक तमिळ बालक पाटीवर गिरवते. एलाक्कुरिच्चीला त्याने तिरुक्कावलूर असे नाव दिले, तेथे मरियामातेचे मंदिर उभारले, आणि त्या मातेवर कलंबकम हा पारंपरिक प्रकारातील प्रबंध रचला. ज्या मातेला तेथील लोक अडैक्कल अन्नै, म्हणजे आश्रयमाता, म्हणून आळवतात ती पळून आलेल्यांची आई होती.

अशा लोकांसाठी बेस्कीने कित्तेरीअम्माळ अम्मानै रचली. महाकाव्य पंडितांसाठी होते, त्यातील श्लेष-यमकांचा आस्वाद घ्यायला शास्त्राध्ययन लागे. अम्मानै मात्र कानाने ऐकायची, तोंडाने म्हणायची वस्तू. अम्मानै हा मुळात तमिळ स्त्रियांचा खेळ. तिघी-चौघी जणी समोरासमोर बसून लाकडी गोळे आळीपाळीने उंच उडवतात, झेलतात, आणि झेलण्याच्या तालावर एकीने प्रश्न करावा, दुसरीने उत्तर द्यावे, तिसरीने त्यावर कळस चढवावा अशी गाणी म्हणतात. आपल्या भोंडल्याच्या फेरात किंवा मंगळागौरीच्या जागरणात गाणे आणि देहाची हालचाल जशी एकमेकांत मिसळलेली असते तसेच येथे. पुढे याच तालाचा आधार घेऊन लांबलचक आख्याने रचली जाऊ लागली. रामकथा, महाभारतातील उपाख्याने, स्थानिक वीरांच्या शौर्यकथा अम्मानैत आल्या, आणि सतराव्या शतकातच जाफनाच्या ख्रिस्ती तमिळांनी संत याकोबाची कथाही त्यात आणली. सायंकाळी पिंपळाखाली किंवा देवळाच्या मंडपात एकाने वाचायचे आणि गावाने ऐकायचे, अशी तिची रीत.

कित्तेरियाची मूळ कथा युरोपातील अनेक पाठांत आढळते, आणि पोर्तुगालमध्ये प्रचलित असलेला पाठ सर्वांत विस्तृत आहे. ब्रागा प्रांतात लुसियस कातिलियस नावाचा रोमन अधिकारी राज्य करीत होता. त्याची पत्नी काल्सिया हिला, तो दूर असताना, एकाच वेळी नऊ कन्या झाल्या. उच्चकुलीन स्त्रीला पशूसारखी एवढी अपत्ये एकदम व्हावीत या लज्जेने तिने सिला नावाच्या सुईणीला आज्ञा केली की, ती सर्व अर्भके अंधाऱ्या रात्री नदीत बुडवून टाक. सिला मनाने ख्रिस्ती होती. तिने त्या नवजात मुली नदीकडे नेल्या खऱ्या, परंतु पाण्यात न सोडता निरनिराळ्या ख्रिस्ती घरांत वाढवण्यासाठी देऊन टाकल्या, आणि बिशप ओविडियस याने त्यांना बाप्तिस्मा दिला. कित्तेरिया, लिबेराता, मारिना, एउफेमिया, जर्माना, जेनेब्रा, बासिलिस्सा, व्हिक्टोरिया, मार्सियाना अशी त्या भगिनींची नावे परंपरेने जपली आहेत. त्या वाढल्या, एकमेकींना ओळखू लागल्या, आणि ख्रिस्ती लोकांवर छळ सुरू झाला तेव्हा धरपकडीत सापडून त्याच अधिकाऱ्यासमोर उभ्या करण्यात आल्या. प्रश्नोत्तरांत जन्माचे रहस्य उघड झाले. न्यायासनावर बसलेल्या बापाला कळले की, आपण ज्यांना दंड सांगणार त्या आपल्याच मुली आहेत.

कथेचा खरा कस येथे लागतो. बापाने दंड मागे घेतला, त्यांना वाड्यात नेले, वस्त्रालंकार दिले, प्रतिष्ठित रोमन तरुणांशी विवाह ठरवले. मोबदला एकच मागितला की, त्यांनी साम्राज्याच्या देवतांपुढे धूप जाळावा. जी माया जन्मवेळी नाकारली गेली ती आता मिळत होती, परंतु तिला अट होती. नऊही बहिणींनी ती नाकारली. कोंडून ठेवलेल्या त्या बहिणी निसटल्या. डोंगरात राहून त्यांनी ख्रिस्ती कैद्यांना सोडवले, असेही एक पाठ सांगतो. अखेर त्या विखुरल्या आणि एकेक करून वेगवेगळ्या ठिकाणी पकडल्या गेल्या. कित्तेरियाला तिच्या नियोजित वराने सैनिकांनिशी गाठले, तिने विवाहास व धर्मत्यागास पुन्हा नकार दिला, आणि त्याच जागी तिचा शिरच्छेद झाला. तिने आपले मस्तक आपल्या हाती उचलून दफनस्थानापर्यंत पावले टाकली, आणि त्या भूमीतून झरा फुटला, असे भाविक मानतात. पिसाळलेली कुत्री तिच्या वाणीने शांत झाली अशीही कथा असल्यामुळे श्वानदंशाच्या रोग्यांनी तिला शतकानुशतके आळवले. २२ मे हा तिचा स्मरणदिन.

इतिहासाच्या कसोटीला यातील फारच थोडे उतरते. ख्रिस्ती हुतात्म्यांच्या प्राचीन नामावळ्यांत तिचे नाव नाही. नऊ भगिनींची कथा मध्ययुगात रचली व वाढवली गेली. फ्रान्सच्या नैर्ऋत्येस गास्कनीमध्ये अदूर नदीकाठच्या एर या नगरातील तिच्या नावाच्या चर्चच्या तळघरात चौथ्या शतकातील पांढऱ्या संगमरवराची एक शवपेटी आहे. तिच्यावर उत्तम मेंढपाळ, सिंहांच्या गुहेतला दानियेल, मृत्यूतून उठवलेला लाजरस यांची शिल्पे कोरलेली असून तीच कित्तेरियाची समाधी मानली जाते. म्हणजे पाषाण प्राचीन आहे आणि आख्यायिका त्याहून पुष्कळ अर्वाचीन आहे. परंतु ज्या काळात साम्राज्याच्या देवांपुढे धूप जाळण्यास नकार देणे हा देहदंडाचा अपराध होता त्या काळाची जी स्मृती आख्यायिकेच्या गाभ्यात आहे ती खोटी नाही. अशा नकारासाठी स्त्रिया व पुरुष मेले होते, आणि ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत त्यांच्या वाट्याचे शौर्य एका नावाभोवती गोळा होणे हा लोकस्मृतीचा सर्वत्र दिसणारा धर्म आहे.

ही कथा कोळ्ळिडमच्या काठी परकी का वाटली नसावी, याचा विचार केला म्हणजे तमिळ ग्रामजीवनाचे एक अंतरंग उलगडते. नदी-तळ्यांच्या काठी सात कुमारिकांचे पूजन तमिळ खेड्यांत सर्वत्र चालते; आपल्याकडील साती आसरांचेच ते भावंड. पाण्याच्या काठाशी निगडित कुमारिका-भगिनींचा समूह ही कल्पना तेथल्या बाईमाणसाला उपजतच ठाऊक. मस्तक तुटूनही जिची शक्ती संपत नाही अशी देवी तर दक्षिणेत घरोघर. पित्याच्या आज्ञेने पुत्राच्या हातून शिरच्छेद झालेली रेणुका माहूरला आपण पूजतो. तमिळ देशात तिचीच कथा मारियम्मनच्या कथेत मिसळून गेली आहे. स्वतःचे शिर देवीला अर्पण करणाऱ्या वीरांच्या नवकंडम शिळा आणि रणात पडलेल्यांचे नडुकल, म्हणजे आपले वीरगळ, गावोगावच्या वेशीवर उभे आहेत. धारातीर्थी पडलेल्याच्या ठिकाणी जाग असते, तेथे नवस बोलावा, तेथे दिवा लावावा, हे त्या भूमीला कोणी शिकवावे लागले नाही. बेस्कीच्या प्रतिभेचे मर्म मला यात दिसते की, परदेशातील कुमारिकेला त्याने या ओळखीच्या भावविश्वाच्या दारातून आत आणले, आणि आत आणल्यावर तिचा नकार मात्र जसाच्या तसा ठेवला.

ऐकणारे कोण होते हेही विसरता कामा नये. ज्यांच्या वडिलांनी १७०१ मध्ये रातोरात नदी ओलांडली होती, ज्यांच्या आज्यांनी अरुळानंदर स्वामींच्या हातून दीक्षा घेतली होती, त्यांना न्यायासनासमोर उभ्या असलेल्या नऊ बहिणींचा प्रसंग दूरदेशीचा वाटणे शक्यच नव्हते. राजाचा अधिकारी, त्याने पुढे केलेले आमिष, कैद, पलायन, आसरा देणारे अनोळखी घर, हे सर्व त्यांच्या घरच्या आठवणींतले शब्द होते. कथेतील सिला सुईण पाहा: तिने उपदेश केला नाही, युद्ध केले नाही, हुकूम मोडून मुलींना शेजारच्या घरांत पोहोचवले, एवढेच. छळाच्या काळात समाज तगतात ते अशाच माणसांच्या बळावर, आणि कोळ्ळिडमच्या दोन्ही तीरांवर अशी माणसे असल्यावाचून ती गावे तगली नसती.

येथे गोव्याशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. मराठीतही आद्य ख्रिस्ती संताचे चरित्र बेस्कीच्या या अम्मानैच्या सुमारे शंभर वर्षे आधी अवतरले होते. थॉमस स्टीफन्सच्या १६१६ च्या ख्रिस्तपुराणापाठोपाठ फ्रेंच जेझुइट एत्येन द ला क्रुआ याने संत पीटरचे चरित्र व बलिदान ओवीबद्ध करून १६२९ आणि १६३४ मध्ये गोव्यात छापवले. हजारो ओव्यांचा तो ग्रंथ पीटरपुराण म्हणून ओळखला जातो. भाषेचा गोडवा, ओवीची सोय, पुराणाचे रूप, सर्व काही तेथेही होते. परंतु गोव्यात त्या पुराणाच्या पाठीशी राज्यसत्ता उभी होती, आणि तीच सत्ता एका हाताने देवळे पाडीत आणि दुसऱ्या हाताने ओव्या छापीत होती. १६८४ मध्ये तर तेथील व्हाइसरॉयने लोकभाषाच सोडून देण्याचे फर्मान काढले. कित्तेरियाचे नावही गोव्यात आले ते तोफांच्या धुरातून: १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी सावंतवाडीकर भोसल्यांकडून हळर्णचा किल्ला जिंकला आणि त्याला सांता कित्तेरिया असे नाव दिले. एकाच संताचे नाव एका नदीकाठी किल्ल्याच्या बुरुजावर चढले आणि दुसऱ्या नदीकाठी पळून आलेल्या बायकांच्या ओठांवर बसले. हुतात्म्याची कथा सत्ताधाऱ्यांच्या तोंडी आली की तिचा प्राण हरपतो. ती ज्याच्यावर ओढवू शकते त्याच्या तोंडीच ती खरी होते. कोळ्ळिडमच्या काठी ना पोर्तुगीज फौज होती, ना धर्मन्यायालय. तेथे कित्तेरीला राखणारे केवळ तिच्यावर प्रेम करणारे होते.

बेस्कीची अखेरची वर्षे पुन्हा मराठी इतिहासाच्या प्रवाहात सापडली. १७३६ मध्ये चंदासाहेबाने त्रिचनापल्ली घेतली. त्याच्याशी बोलता यावे म्हणून बेस्कीने फारसी व हिंदुस्थानी भाषा शिकून घेतल्या आणि त्याच्या दरबारात त्याला मानाची जागा मिळाली, अशी परंपरा आहे. मग रघूजी भोसले व फत्तेसिंह भोसले यांच्या फौजा दक्षिणेत उतरल्या, मार्च १७४१ मध्ये त्रिचनापल्ली मराठ्यांच्या हाती आली, चंदासाहेब कैद होऊन साताऱ्याकडे गेला आणि किल्ला मुरारराव घोरपड्यांच्या हवाली झाला. वृद्ध बेस्की दक्षिणेकडे सरकला, आणि ४ फेब्रुवारी १७४७ रोजी, ब्रितोच्या बलिदानाच्याच तारखेला, केरळातील अंबळक्काड येथे त्याचे देहावसान झाले. तंजावरच्या गादीवर तेव्हा प्रतापसिंह राजे होते. त्यांना झालेली राजपिळवै, म्हणजे पाठीवरची दुर्धर गाठ, बेस्कीच्या उपचाराने बरी झाली आणि कृतज्ञतेने राजांनी एलाक्कुरिच्चीच्या देवळाला जमीन इनाम दिली, असे तेथील लोक सांगतात व त्या दानाचा शिलालेख दाखवतात. चमत्काराचा भाग भक्तांचा. परंतु शहाजीच्या काळी ज्यांना नदीपार पळावे लागले त्यांच्याच देवळाच्या दात्यांत त्याच घराण्यातील राजाचे नाव लोकांनी आदराने जपावे, हे मला त्या समाजाच्या मनाच्या मोठेपणाचे लक्षण वाटते. पुढे दुसऱ्या सर्फोजी राजांच्या काळी ते नाते अधिक सौम्य झाले. श्वार्ट्झ पाद्र्याच्या देखरेखीखाली वाढलेला हा राजा आणि त्याचा सहाध्यायी, तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री, यांची मैत्री तंजावरच्या दरबारात सर्वांना ठाऊक होती.

१७७३ मध्ये जेझुइट संघच विसर्जित झाला, मिशन फ्रेंच पाद्र्यांच्या हाती गेले, त्यातून सव्वाशे वर्षांनी कुंभकोणमचा धर्मप्रांत उभा राहिला. या साऱ्या घडामोडींत संस्था बदलल्या, वरिष्ठ बदलले, राज्ये लयास गेली. गावे मात्र राहिली, आणि गावांबरोबर त्यांची आख्याने राहिली. तंजावरच्या मराठी राज्याचा इतिहास लिहिताना आपण मोडी दप्तरांतील सनदा, इनामपत्रे आणि सुभ्यांचे जमाखर्च यांच्याकडे योग्यच लक्ष देतो. पण दप्तर राज्याच्या बाजूने बोलते, आणि ज्याच्यावर राज्य चालले त्याची बाजू दप्तरात क्वचितच उमटते. कुंभकोणम सुभ्याच्या कागदांशेजारी मदुरा मिशनची पत्रे आणि कित्तेरीअम्माळ अम्मानै ठेवून वाचणारा मराठी अभ्यासक निपजला पाहिजे. त्याला शहाजीच्या काव्याचा अभिमान सोडावा लागणार नाही, आणि कार्व्हाल्योचा कैदेतील मृत्यूही झाकावा लागणार नाही. आपल्या पूर्वजांनी ज्यांना दुखावले त्यांची कथा आपल्या भाषेत आदराने सांगता येणे, ही इतिहासाच्या अध्ययनातून समाजाला येणारी प्रौढता होय, आणि तंजावरसारखा वारसा मिरवणाऱ्या समाजाने ती अंगी बाणवणे हे त्या वारशाचेच ऋण आहे.